कॉलम सरकतात कुठे? आधी डिलिमिटर मोजा, मग फाइल इम्पोर्ट करा

नवी मुंबईतला पत्ता सीएसव्ही (कॉमाने कॉलम वेगळे केलेल्या टेक्स्ट) फाइलच्या मुळावरच येतो. ‘फ्लॅट ३०२, बी विंग, प्लॉट १४, सेक्टर १७, वाशी, नवी मुंबई ४००७०३’ एवढ्याशा पत्त्यात पाच कॉमा आहेत. ठाण्यातला ‘अमुक कॉम्प्लेक्सच्या मागे, तमुक बँकेसमोर, ऑफ घोडबंदर रोड’ छापाचा पत्ता तर याहून लांब. सोसायटीची सभासद यादी असो, महापे-रबाळ्याच्या कारखान्याची व्हेंडर यादी असो, नाहीतर वागळे इस्टेटमधल्या हार्डवेअरवाल्याचा स्टॉक असो, फाइल कॉमाने तोडलेली असेल तर कुठल्यातरी ओळीत पिनकोड उठून मोबाइल नंबरच्या कॉलममध्ये जाऊन बसतो. आणि हे लक्षात येतं बहुधा लेबलं छापून झाल्यावर.

दोष एक्सेलचा किंवा पांडाज या पायथॉन लायब्ररीचा क्वचितच असतो. कॉलम कुठे तोडायचे हे आपण सांगितलं नाही, की टूल अंदाज बांधतं. एक्सेल विंडोजच्या रिजन सेटिंगमधला ‘लिस्ट सेपरेटर’ बघतं, पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं डेटा आणायचं साधन) फाइलच्या सुरुवातीच्या ओळी बघते. पहिल्या शंभर ओळी सरळ असल्या की अंदाज बरोबर ठरतो आणि ३४८व्या ओळीवर सगळं घसरतं. म्हणून या लेखातली मुख्य सूचना एकच: इम्पोर्ट करण्याआधी प्रत्येक ओळीत डिलिमिटर, म्हणजे कॉलम तोडणारी चिन्हं, किती आहेत ते मोजा. बाकीचं त्या आकड्यांवरून आपोआप ठरत जातं.

डबल-क्लिक नको

सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल बहुधा काही न विचारता ती उघडतं. तेवढ्यात तीन गोष्टी होऊन जातात. सुरुवातीचे शून्य उडतात, म्हणजे ‘००४५२’ हा आयटम कोड ४५२ होतो. लांब आकडे बिघडतात: बारा अंकी यूएएन (पीएफचा क्रमांक) किंवा महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक जनरल फॉरमॅटमध्ये ‘१.००ई+११’ असा दिसू लागतो. पंधरा अंकांपुढचं तर काही उरतच नाही. एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरतं, त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. तिसरी गोष्ट तारखांची. कॉम्प्युटरचं रिजन अमेरिकन असेल तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल नव्हे, ४ मे. आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारीख न होता नुसता मजकूर म्हणून राहतात. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे, असं दिसलं की हेच झालेलं असतं.

उघडून फक्त बघितलं तर नुकसान नाही. पण ‘सेव्ह करायचं का?’ला सवयीने हो म्हटलं की मूळ आकडे गेले. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला ‘रीड-ओन्ली’ करा आणि काम कॉपीवर करा.

फाइल बघायची ती नोटपॅडमध्ये. विंडोज १० आणि ११ च्या नोटपॅडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंगही (अक्षरं साठवायची पद्धत) लिहिलेलं असतं: यूटीएफ-८, एएनएसआय वगैरे. ते टिपून ठेवा, पुढे लागेल. नोटपॅड++ असेल तर उत्तमच. ‘व्ह्यू’, ‘शो सिम्बॉल’, ‘शो ऑल कॅरेक्टर्स’ केलं की टॅब बाणासारखा, स्पेस ठिपक्यासारखी आणि ओळीचा शेवट काळ्या चौकटीत दिसतो. टॅब आणि स्पेस नुसत्या नजरेला सारखेच दिसतात. ब्राउझरमधून किंवा व्हॉट्सॅपमधून कॉपी केलेल्या तक्त्यात टॅबच्या जागी स्पेस येऊन बसलेले असणं तर नेहमीचंच.

फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका. शेवटी ‘सीएसव्ही’ लिहिलेल्या फाइलमध्ये सेमीकोलन, पाइप (|), टॅब काहीही निघू शकतं. सीएसव्हीचा म्हणून जो काही लेखी नियम आहे तो आरएफसी ४१८०, आणि तोही २००५ साली आला. तोवर हे फॉरमॅट कित्येक वर्षं वापरात होतं आणि प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने फाइल लिहीत होता. जुनी सॉफ्टवेअर अजूनही तशीच लिहितात.

आपल्याकडे रोज भेटणाऱ्या फाइल

हिशेबनिसाच्या टेबलावर येणाऱ्या काही फाइलचे डिलिमिटर ठरलेले आहेत. ते पाठ असले की निम्मं काम होतं.

ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवरून उतरवलेल्या २६एएसच्या (कापलेल्या कराच्या विवरणाच्या) टेक्स्ट फाइलमध्ये कॅरेट असतो, म्हणजे ^ हे चिन्ह. इथली अडचण चिन्हाची नाही, रचनेची आहे. टीडीएस कापणाऱ्याची ओळ वेगळी, तिच्याखाली व्यवहारांच्या ओळी वेगळ्या, आणि दोन्हींचे मथळेही वेगळे. व्यवहाराची ओळ कॅरेटनेच सुरू होते, म्हणजे तिचा पहिला कॉलम रिकामा असतो. म्हणून ही फाइल आणताना ‘पहिली ओळ मथळा’ हा पर्याय घेऊ नका, सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा. मग कापणाऱ्याचं नाव आणि टॅन (त्याचा टीडीएस क्रमांक) वेगळ्या कॉलममध्ये घेऊन पॉवर क्वेरीच्या ‘फिल डाउन’ने खालच्या ओळींपर्यंत उतरवा आणि त्यानंतरच गाळणी लावा. हा क्रम उलटा केला तर कुठला व्यवहार कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या रोजच्या एनएव्ही (युनिटच्या भावाच्या) फाइलमध्ये सेमीकोलन असतो. कॉलम सहा, म्हणजे ओळीत सेमीकोलन पाच. मध्येमध्ये योजनेचा प्रकार आणि फंड हाउसचं नाव यांच्या मोकळ्या ओळी येतात, त्यात एकही सेमीकोलन नसतो. मोजणीत ‘शून्य’ आलेल्या ओळी म्हणजे याच.

पीएफच्या ईसीआर (दरमहा भरायच्या विवरणाच्या) फाइलचा डिलिमिटर तीन चिन्हांचा आहे: #~#. पंधरा हजारांवर पीएफ धरलेल्या कर्मचाऱ्याची ओळ अशी दिसते:

यूएएन#~#नाव#~#१८०००#~#१५०००#~#१५०००#~#१५०००#~#१८००#~#१२५०#~#५५०#~#०#~#०

कॉलम अकरा, डिलिमिटर दहा. जुन्या महिन्याची ईसीआर तपासायला म्हणून एक्सेलच्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये घेतली की तिथेच गाडी अडते, कारण त्यातल्या ‘अदर’च्या चौकटीत एकच चिन्ह मावतं. # टाकलं तर प्रत्येक दोन कॉलमांमध्ये ~ चा एक फालतू कॉलम तयार होतो. सोपा मार्ग म्हणजे कॉपी नोटपॅडमध्ये उघडायची, ‘रिप्लेस’मध्ये #~# च्या जागी | टाकायचा (आधी फाइलमध्ये | नाही ना हे शोधून) आणि मग पाइपवर तोडायचं. पॉवर क्वेरीत हेही लागत नाही. तिथे डिलिमिटरच्या यादीत ‘कस्टम’ घेऊन #~# जसंच्या तसं टाइप करता येतं.

बँकांच्या स्टेटमेंटला मात्र ठरलेला नियम नाही. पाइप, टिल्डा (~), कॉमा, स्पेसने रांगेत लावलेले कॉलम, सगळं भेटतं.

मोजायचं कसं

त्यासाठी अख्खी ओळ न तोडता एकाच कॉलममध्ये यायला हवी. एक्सेलमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’ इथे जाऊन ‘लेगसी’ विझार्डांच्या यादीत ‘फ्रॉम टेक्स्ट’वर खूण करा. आता ‘डेटा’ टॅबमध्ये ‘गेट डेटा’खाली लेगसी विझार्ड दिसेल. पहिल्या पायरीत ‘डिलिमिटेड’ निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ (नोटपॅडने एएनएसआय दाखवलं असेल तर विंडोजचा आहे तोच राहू द्या). दुसऱ्या पायरीत सगळ्या डिलिमिटरांच्या खुणा काढा आणि ‘टेक्स्ट क्वालिफायर’ला (मजकूर गुंडाळणारं चिन्ह) ‘नन’ द्या. तिसऱ्यात कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’. सगळी फाइल ए कॉलममध्ये येऊन पडेल. फाइल १०,४८,५७६ ओळींपेक्षा मोठी असेल तर हा मार्ग बंद, कारण एक्सेलच्या शीटची मर्यादाच तेवढी आहे.

शेजारच्या बी कॉलममध्ये हे सूत्र (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं: लेन म्हणजे LEN, सबस्टिट्यूट म्हणजे SUBSTITUTE):

=लेन(ए१)-लेन(सबस्टिट्यूट(ए१,"|",""))

पाइपच्या जागी आपला डिलिमिटर टाका. ईसीआरसारखा तीन चिन्हांचा असेल तर उत्तराला ३ ने भागा. सूत्र खालपर्यंत ओढा आणि बी कॉलमला फिल्टर लावा. फिल्टरच्या यादीत एकच आकडा दिसला तर फाइल सरळ आहे.

एकापेक्षा जास्त आकडे दिसले तर ते वाचायचे. बहुतेक ओळींत १० आणि थोड्यांत ११ किंवा १२ असतील, तर त्या ओळींत डिलिमिटर मजकुरात शिरला आहे. एका ओळीत ४ आणि लगेच खालच्या ओळीत ६, बेरीज १०, असं असेल तर एकच नोंद दोन ओळींत फुटली आहे. पत्ता भरताना कुणीतरी मध्ये एंटर मारलेला असतो. मथळ्यात १० आणि बाकी सगळीकडे ११ असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक डिलिमिटर जास्तीचा आहे. हा शेवटचा प्रकार एक्सेलमध्ये निरुपद्रवी असतो, एक रिकामा कॉलम येतो आणि तो खोडला की झालं. पांडाजमध्ये मात्र तो दगा देतो: पहिला कॉलम इंडेक्स (ओळींची ओळख) समजला जातो आणि सगळी शीर्षकं एकेक घर सरकतात. तिथे ‘इंडेक्स-कॉल’ला (index_col) ‘फॉल्स’ द्यावं लागतं.

कोट्स असलेल्या फाइलमध्ये, म्हणजे मजकूर "असा" दुहेरी अवतरणात गुंडाळलेला असेल तर, कॉमांची संख्या कमी-जास्त असणारच आणि ते चूक नाही. तिथे कोट्स मोजायचे. त्याच सूत्रात "|" च्या जागी कॅर(३४), म्हणजे CHAR(34), टाका. ज्या ओळीत कोट्सची संख्या विषम, ती ओळ संशयित.

इंचाचं चिन्ह

कोट्सचा गोंधळ सर्वात जास्त कुठे होत असेल तर हार्डवेअर, प्लंबिंग आणि कापडाच्या यादीत. कारण इंचाचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण एकच. नियम असा की कोट्समध्ये गुंडाळलेल्या मजकुरात कोट आला तर तो दोनदा लिहायचा. म्हणजे बरोबर ओळ अशी:

"पाइप २"" जीआय, ६ मी","१२","८५०"

अनेक जुनी बिलिंग सॉफ्टवेअर गुंडाळतात खरी, पण आतला कोट दुप्पट करत नाहीत:

"पाइप २" जीआय, ६ मी","१२","८५०"

इथे वाचणाऱ्या टूलच्या दृष्टीने २ च्या पुढचा कोट म्हणजे मजकूर संपला. मग ‘जीआय’नंतरचा कॉमा खरा डिलिमिटर ठरतो, ‘६ मी’ पुढच्या कॉलममध्ये जातो आणि नग-दर दोन्ही एक घर उजवीकडे. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. खरा घात पुढच्या ओळीत आहे:

"बॉल व्हॉल्व्ह १/२"","१४","४२०"

इंच मजकुराच्या अगदी शेवटी आला, त्याला लागून मजकूर बंद करणारा कोट आला आणि दोन कोट शेजारी बसले. टूलला वाटतं, हा दुप्पट केलेला कोट आहे, म्हणजे मजकूर अजून सुरूच. ते पुढच्या कोटपर्यंत वाचत सुटतं आणि पुढे सगळा हिशेब उलटा होतो: आतलं बाहेर, बाहेरचं आत. कोट्सची जोडी पुन्हा जुळेपर्यंत पुढच्या ओळीही गिळल्या जाऊ शकतात. फाइलमध्ये १२०० ओळी आणि शीटमध्ये ११६०, मध्येच एखादा सेल हातभर उंच, असं दिसलं की इंच शोधा.

उपाय फाइलवर अवलंबून. प्रत्येक मजकूर आणि प्रत्येक आकडा कोट्समध्ये असेल तर नशीब चांगलं, कारण अशा फाइलमध्ये खरा डिलिमिटर कॉमा नसून "," ही तीन चिन्हं असतात. नोटपॅड++ मध्ये "," च्या जागी | टाका, मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक कोट काढा. नंतर पाइपवर तोडून, क्वालिफायर ‘नन’ ठेवून इम्पोर्ट करा. वरच्या व्हॉल्व्हच्या ओळीतून हे करून पाहा: बॉल व्हॉल्व्ह १/२"|१४|४२० असं नेमकं उरतं, इंचही जागेवर राहतो.

फक्त मजकूर कोट्समध्ये आणि आकडे उघडे असतील तर ही युक्ती अर्धीच चालते. तिथे विषम कोट्सच्या ओळी फिल्टर करून हाताने दुरुस्त करा. एक भोक लक्षात ठेवा: ‘१" × ३/४" रिड्यूसर’मध्ये दोन इंच आहेत, त्यामुळे कोट्सची संख्या समच राहते आणि ती ओळ चाळणीतून सुटते. म्हणून रिड्यूसर, बुशिंग, रिड्यूसिंग टी अशा दुहेरी मापाच्या वस्तू नावाने वेगळ्या शोधाव्या लागतात.

कॉमा मजकुरात आहे आणि कोट्स नाहीतच

पत्त्याची फाइल, कॉमा डिलिमिटर, कोट्सचा पत्ता नाही. सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात वैतागवाणी अवस्था. तरी एक गोष्ट आपल्या बाजूची असते. जास्तीचे कॉमा बहुधा एकाच कॉलममध्ये असतात. समजा क्रम असा आहे: सभासद क्रमांक, नाव, पत्ता, पिन, मोबाइल, थकबाकी. डावीकडून दोन कॉमा खरे, उजवीकडून तीन कॉमा खरे, मधलं जे काही उरेल तो पत्ता.

पॉवर क्वेरीत ‘डेटा’, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल घ्या. डिलिमिटर ‘कस्टम’ निवडून त्यात फाइलमध्ये कुठेच नसलेलं एखादं चिन्ह द्या, ¬ चालतं. अख्खी ओळ एका कॉलममध्ये येईल. ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ने आत जा. मग ‘स्प्लिट कॉलम’, ‘बाय डिलिमिटर’, कॉमा, ‘लेफ्ट-मोस्ट’. हे दोनदा, दर वेळी उरलेल्या शेपटीवर. त्यानंतर ‘राइट-मोस्ट’ तीनदा, या वेळी उरलेल्या डोक्यावर. पत्ता सगळ्या कॉमांसह मधल्या कॉलममध्ये शाबूत राहतो. स्प्लिट केल्यावर पॉवर क्वेरी दर वेळी आपणहून ‘चेंज्ड टाइप’ची पायरी घुसवते, ती उजवीकडच्या यादीतून उडवत चला, नाहीतर कोडमधले शून्य तिथे जातील.

शेवटचा कॉलम थकबाकीचा आहे आणि ती १,२५,०००.०० अशी लिहिली असेल तर उजवीकडून मोजणं फसतं. ८५० रुपयांच्या ओळीत कॉमा शून्य, सव्वा लाखाच्या ओळीत दोन. पैशांच्या दोन अंकांचा फायदा घेऊन हे सोडवता येतं, पण त्यात वेळ घालवण्यापेक्षा ज्या सॉफ्टवेअरमधून फाइल निघाली तिथे रकमेतले कॉमा बंद करून पुन्हा एक्स्पोर्ट मागवणं शहाणपणाचं. दहातल्या नऊ वेळा समोरच्याला ते दोन क्लिकमध्ये जमतं. आपल्याला कुणी विचारलेलंच नसतं.

ऐरोली-महापे पट्ट्यात युरोपीय कंपन्यांच्या कार्यालयांत दुसरीच तऱ्हा. जर्मनीहून आलेल्या फाइलमध्ये दशांश चिन्हच कॉमा असतो, १.२५०,७५ म्हणजे आपले बाराशे पन्नास रुपये पंचाहत्तर पैसे. म्हणून त्यांचा डिलिमिटर सेमीकोलन. इथे कॉमाचं टिंब करण्यासाठी ‘रिप्लेस’ वापरू नका. पॉवर क्वेरीत कॉलमच्या शीर्षकावर उजवं क्लिक, ‘चेंज टाइप’, ‘यूझिंग लोकेल’, डेसिमल नंबर, जर्मन (जर्मनी). तारखांचाही उपाय हाच. आपल्या दिवस-महिना-वर्ष क्रमासाठी ‘इंग्लिश (इंडिया)’.

पॉवर क्वेरीतल्या दोन खाचा

पहिली. फाइल प्रथम उघडताना कॉलम किती दिसले तो आकडा पॉवर क्वेरी ‘सोर्स’च्या सूत्रात कायमचा लिहून ठेवते. पुढच्या महिन्याच्या फाइलमध्ये एक कॉलम वाढला तर तो गुपचूप गळतो, तक्रार नाही, लाल खूण नाही. सूत्रपट्टीत जाऊन ‘कॉलम्स=११’ हा तुकडा त्याच्या कॉमासकट खोडा. दर महिन्याला तीच क्वेरी रिफ्रेश करणाऱ्यांनी हे न चुकता करावं.

दुसरी. पत्त्यातल्या एंटरने फुटलेल्या ओळी. मजकूर कोट्समध्ये असेल तर ‘सोर्स’ पायरीशेजारच्या गिअरवर क्लिक करा आणि ‘लाइन ब्रेक्स’मध्ये कोट्समधले ब्रेक दुर्लक्षित करण्याचा पर्याय घ्या. दोन तुकडे पुन्हा एक होतात. पण फाइलमध्ये वर सांगितलेला इंचाचा रोग असेल तर याच पर्यायाने ओळी गिळल्या जातात, म्हणून आधी इंच, मग हे.

आणि सुरुवातीच्या प्रीव्ह्यू खिडकीत ‘डेटा टाइप डिटेक्शन’ला ‘डू नॉट डिटेक्ट’ द्या. मूळ पर्याय पहिल्या २०० ओळींवरून प्रकार ठरवतो. २०१व्या ओळीत दुकान क्रमांक ‘१२ए’ निघाला की तिथे ‘एरर’.

बाकीची टूल्स, थोडक्यात

लिबरऑफिस कॅल्क या कामात एक्सेलपेक्षा सरळ आहे. सीएसव्ही उघडली की दर वेळी इम्पोर्टची खिडकी येतेच, काही न विचारता उघडत नाही. ‘अदर’मध्ये एकाहून अधिक चिन्हं टाकता येतात, पण ती प्रत्येक स्वतंत्र डिलिमिटर धरली जातात. म्हणून ईसीआरसाठी #~ टाकून ‘मर्ज डिलिमिटर्स’वर खूण केली तर काम होतं, कारण ईसीआरमध्ये रिकामी जागा न ठेवता शून्य भरलेलं असतं. इतर फाइलना ही खूण लावू नका. एक्सेलमध्येही ‘ट्रीट कन्सेक्युटिव्ह डिलिमिटर्स ॲज वन’ नावाने तीच आहे. स्पेसने रांगेत लावलेल्या प्रिंट-रिपोर्टला ती ठीक, पण कॉमा किंवा पाइपच्या फाइलमध्ये रिकामा सेल नाहीसा होतो आणि उरलेली ओळ डावीकडे सरकते. ज्याचा मोबाइल नंबर नाही त्याची थकबाकी मोबाइलच्या जागी दिसते, ती यामुळे.

गूगल शीट्समध्ये ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’ करताना सेपरेटर ‘कस्टम’ द्या आणि मजकुराचे आकडे-तारखा करण्याची खूण काढा.

पांडाजमध्ये सगळे कॉलम आधी स्ट्रिंग म्हणूनच वाचा. एकच चिन्ह दिलं तर ते जसंच्या तसं धरलं जातं, त्यामुळे ^ किंवा | ला भ्यायचं कारण नाही. दोन किंवा जास्त चिन्हं दिली की ती रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधाचा नमुना) समजली जातात. #~# ला त्याने फरक पडत नाही, पण || दिलंत तर प्रत्येक पाइपआधी बॅकस्लॅश हवा. शिवाय अशा वेळी कोट्सकडे दुर्लक्ष होऊ शकतं आणि वेगही पडतो. ‘एक्स्पेक्टेड ११ फील्ड्स इन लाइन ३४८, सॉ १२’ हा संदेश आला की बरेच जण वाईट ओळी वगळायचा ‘स्किप’ पर्याय देऊन मोकळे होतात. तसं केलं तर त्या नोंदी बेरजेतून बाहेर. ‘वॉर्न’ द्या, ओळींचे क्रमांक घ्या, दुरुस्त करा. कॉलम कमी पडले तर मात्र पांडाज ओरडतच नाही, मुकाट्याने रिकामं भरतो. फुटलेल्या ओळी म्हणूनच तिथे सुटतात.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘कॉपी’ला डिलिमिटर एकाच बाइटचा लागतो, म्हणजे #~# आधी बदलूनच घ्या. मायएसक्यूएल डेटाबेसच्या ‘लोड डेटा’ला तीन चिन्हं चालतात, पण न सांगता तो टॅब धरतो आणि बॅकस्लॅशला एस्केप (पुढच्या चिन्हाचा अर्थ बदलणारं चिन्ह) समजतो. ‘प्लॉट १४\१५’ असं लिहिलेला पत्ता तिथे बिघडतो.

देवनागरी आणि जुने फॉन्ट

मराठी नावं ‘à’सारख्या टोपीवाल्या अक्षरांच्या रांगेत बदलली तर डिलिमिटरचा काही संबंध नाही, एन्कोडिंग चुकलं आहे. इम्पोर्ट करताना ६५००१ निवडा. स्वतः पाठवताना एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा. साध्या ‘सीएसव्ही’त देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाइट असू शकतात. एक्सेलला ते हवे असतात, पण काही टूल्समध्ये ते पहिल्या शीर्षकाला चिकटतात आणि ‘क्रमांक’ नावाचा कॉलम समोर दिसत असूनही सापडत नाही.

शाळा, पतपेढ्या आणि जुन्या कार्यालयांच्या याद्यांमध्ये याहून कठीण प्रकार आहे. कृतिदेव ०१० सारख्या जुन्या फॉन्टमधली माहिती आतून इंग्रजी चिन्हांचीच असते, फक्त फॉन्टमुळे ती मराठी दिसते. त्यात कॉमाच्या जागी ‘ए’ दिसतो, सेमीकोलनच्या जागी ‘य’, आणि पाइपच्या जागी ‘द्य’. म्हणजे ‘विद्यालय’ या एका शब्दात एक पाइप आणि एक सेमीकोलन लपलेला आहे. अशी फाइल कॉमा, सेमीकोलन किंवा पाइपने तोडली तर तुकडेच होणार. ती टॅबनेच एक्स्पोर्ट करून घ्या, टॅबवर कॉलम पाडा, आणि त्यानंतर मराठी कॉलम तेवढे युनिकोडमध्ये बदला. आकड्यांचे आणि इंग्रजी कोडचे कॉलम कन्व्हर्टरमधून जाऊ देऊ नका, त्यांचंही ‘मराठी’ होईल.

इम्पोर्ट झाल्यावर

ओळींची संख्या नोटपॅडमधल्या संख्येशी जुळवा (मथळा वजा करून). रकमेच्या कॉलमची बेरीज मूळ रिपोर्टच्या बेरजेशी जुळवा. पिनकोडच्या कॉलमला फिल्टर लावून यादी वरपासून खालपर्यंत बघा: ४००६०१, ४००७०३, ४००७०६ यांच्या रांगेत ‘सेक्टर १९’ किंवा दहा अंकी नंबर दिसला तर कॉलम सरकलेले आहेत. पिन, आयएफएससी, यूएएन असे ठरावीक लांबीचे कॉलम तपासायला सगळ्यात चांगले. शेजारी लेनचं सूत्र लावलं की ६, ११ आणि १२ सोडून दुसरा आकडा यायला नको.

लांबी एकने जास्त येते पण सेल डोळ्यांना साफ दिसतो, तर शेवटी न तुटणारी स्पेस आहे, म्हणजे १६० क्रमांकाचं कॅरेक्टर. वेब पोर्टलवरून उचललेल्या डेटात ते हमखास असतं. ट्रिमने ते जात नाही. सबस्टिट्यूटमध्ये कॅर(१६०) देऊन काढा, मग ट्रिम लावा.

एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरल्यावर तो डिलिमिटर एक्सेल बंद करेपर्यंत लक्षात ठेवतं. त्यानंतर कुठूनही मजकूर पेस्ट केला की तो आपोआप तुटून वेगवेगळ्या कॉलमांत पडतो. काम झालं की एखाद्या भरलेल्या सेलवर पुन्हा ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, टॅब सोडून सगळ्या खुणा काढा आणि ‘फिनिश’ करा. किंवा एक्सेल बंद करून उघडा.